उपासाला न चालणारी गोळी

"पलटन, हात ऊपर!"

माईकवरून हुकूम सुटला आणि गाझियाबादच्या त्या बँक्वेट हॉलमध्ये हातांचं रान उगवलं. सुरकुतलेले हात, बांगड्यांचे हात, घड्याळांचे हात. चिकनगुनियानं सांधे धरले म्हणून गेल्या दिवाळीत ज्यांना दाराची कडीही काढता येत नव्हती, त्यांचे हात सरळ छताच्या झुंबरांकडे. स्टेजच्या पायरीशी काठ्यांचा ढीग पडला होता. नवा माणूस आला की काठी त्यावर टाकायचा, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

लग्नात नवरानवरी बसतात त्या लाल मखमली सोफ्यावर पलटनवाले बाबा बसले होते. अंगावर फौजी रंगाची शाल, कपाळावर भस्म, पायांत पांढरे स्पोर्ट शूज. फौजेत कधी नव्हते, पण आवाज परेडचा होता.

"तुम्हारे अंदर एक पलटन है," ते सांगत होते. "बुखार आया, पलटन लड़ी, जीत गई। लेकिन छुट्टी किसी ने दी नहीं! अब वही पलटन अपने ही घर की दीवार तोड़ रही है। डॉक्टर क्या करता है? रिपोर्ट निकालता है। मैं क्या करता हूँ? ऑर्डर निकालता हूँ। पलटन, बैरक में वापस!"

हॉल हसला. एक आजोबा तर खरोखर पाय आपटून वळले.

राग येत होता तो याचा की, त्या बडबडीतला पहिला अर्धा भाग जवळजवळ बरोबर होता. मी दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत तापांच्या विषाणूंवर काम करते. विषाणू शरीरात शिरला की त्याला पकडायला रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ज्यांना सगळे अँटिबॉडी म्हणतात. ताप उतरल्यावर बहुतेकांच्या शरीरातला हा गोंधळ हळूहळू निवतो. पण लाखांतल्या एखाद्याचं शरीर चुकतं. त्याची प्रतिपिंडं स्वतःच्याच स्नायूंवर उलटतात. असं का होतं, ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. बाबांना कळलेलं होतं.

माझ्या शेजारी चंद्रप्रभाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी अश्लेषा. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत आला, थांबला, थरथरला आणि कपाळाच्या वर गेला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांची आई जात्यावर म्हणायची त्या चालीत त्या पुटपुटल्या:

लेकीचा माझ्या हात, गेला कपाळाच्या वर
आभाळा रे बाबा, जरा मागे मागे सर

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस पद्मजा? आता बोल."

हात तर खरंच वर होता.

बाई म्हणजे माझ्या बाई. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. दिल्लीत जन्मलेल्या, मराठी अर्धीमुर्धी बोलणाऱ्या आम्हा पोरांना त्या दटावायच्या, "पाहिल्याशिवाय मानायचं नाही. मी सांगितलं तरी मानायचं नाही." त्यांच्यामुळे मी या वाटेला लागले. निवृत्तीनंतर त्या इंदिरापुरमला लेक-जावयाकडे राहायला आल्या. मी आर. के. पुरमला, महिन्यातून एकदा मेट्रो बदलत बदलत त्यांच्याकडे जेवायला जायचं, हा नेम होता.

अश्लेषा बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिचे हात बोलायचे. ती पावसाची गोष्ट सांगायला लागली की हात आभाळापासून गुडघ्यापर्यंत रिमझिमत यायचे आणि मागच्या बाकावरची पोरं हवेतच थेंब झेलायची. घरी भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा तिचे हात मध्ये मध्ये बोलायचे, आणि तिचा नवरा जयदीप चिडवायचा, "यार, त्याला ऐकू येतं."

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला ताप आला. सोसायटीत निम्म्या घरांना आला होता. सगळ्यांचा गेला, तसा तिचाही गेला. दिवाळीत ती आकाशकंदील टांगायला गेली, तर हात वर जाईना. मग जमिनीवरून उठवेना, जिना चढवेना, केस विंचरायला आई लागू लागली. शाळेत हात छातीच्या वर जात नव्हते म्हणून ती मुलांना अगदी जवळ बोलावून बसवू लागली. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. म्हणाल्या, बरी होऊन ये, तोवर जागा ठेवते.

स्नायूविकारांचे डॉक्टर इंद्रजित यांनी रक्त तपासलं, स्नायूचा तुकडा काढून पाहिला आणि निदान केलं: शरीराचा स्वतःच्याच स्नायूंवर हल्ला. वेळेत आवरला तर हात परत वर जातील, असं ते म्हणाले. उपचार सांगितला. आधी स्टेरॉईड, सोबत दुसरं एक औषध. मग ते दुसरं औषध लागू पडलं की रक्त तपासत तपासत स्टेरॉईड हळूहळू कमी करायचं.

स्टेरॉईड हा शब्द ऐकून जयदीप हादरला. त्यानं नेटवर वाचलं: तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. त्यातलं काही खोटं नव्हतं. म्हणूनच तर डॉक्टर मोजून देतात आणि सतत तपासतात, हे मी समजावलं. तो म्हणाला, "पद्मजाताई, तुमचं सगळं मान्य. पण घरात विष नाही आणणार मी." त्याच आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पलटनवाल्या बाबांचा व्हिडिओ आला. शंभर टक्के देशी, साइड इफेक्ट शून्य.

गोळी बोराएवढी होती. सत्तू म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ, गूळ आणि "हिमालय की ग्यारह बूटियाँ". सकाळी एक, सूर्याकडे तोंड करून घ्यायची. महिन्याभरात अश्लेषा खुर्चीतून स्वतः उठली. त्यानंतर तो हात.

हॉलमधून घरी परतताना बाई मला म्हणाल्या, "मीच शिकवलंय ना तुला, पाहिल्याशिवाय मानू नकोस? मग मी पाहिलं. आता मानू नको म्हणतेस?"

"बाई, हात वर गेला हे मी मानते. कशानं गेला, ते तुम्ही पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. एक गोळी द्या, तपासते."

"प्रसाद तपासत नसतात, बाळा."

विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्या बाई हे म्हणाल्या. पण मी त्यांच्यावर हसू शकले नाही. ज्या आईनं लेकीला घास भरवायला सुरुवात केलेली असते, तिला लेकीचा तोच हात पुन्हा उचललेला दिसला, तर ती कुठल्या पुस्तकातलं काय आठवेल?

उन्हाळ्यात अश्लेषाचा चेहरा भरला. गाल गोल झाले, लाल झाले. बाई तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या. "अंगावर मांस चढलं गं माझ्या पोरीच्या. लग्नातसुद्धा अशी दिसली नव्हती." ती सारखी खात होती, झोप येत नव्हती, मानेमागे गादीसारखा उंचवटा आला होता, जरा कुठे धक्का लागला की निळा डाग उठायचा. हातापायांच्या काड्या आणि चेहरा पौर्णिमेचा. घरातले सगळे फक्त चेहरा बघत होते.

मी जयदीपला बाजूला घेऊन सांगितलं की हे बाळसं नाही. या चेहऱ्याला आमच्याकडे नाव आहे, आणि मला त्या गोळीचा संशय आहे. बीपी आणि साखर तरी बघ. तो म्हणाला, बघतो. मग त्याचे फोन कमी झाले. बाईंनी महिन्याच्या जेवणालाही "या वेळी राहू दे" म्हटलं.

पावसाळ्यात हात पुन्हा खांद्यापाशी अडकायला लागला. बाबांनी गोळ्या सकाळ-संध्याकाळ केल्या. हात परत थोडा वर गेला. आत रोग चालूच होता, वरून झाकण मोठं होत होतं. शाळेत अश्लेषाला तारीखही मिळाली: दसऱ्यानंतर रुजू व्हायचं.

म्हणूनच त्या वर्षी बाईंनी नवरात्र मोठं केलं. घट बसवला, अखंड दिवा लावला आणि अश्लेषाला म्हणाल्या, "आईनं हात परत दिले, नऊ दिवस तू पण कर." अश्लेषाला हौस होती. उत्तरेतल्या शेजारणींचा तर सगळ्यांचाच उपास. ग्रुपवर कुट्टूच्या उपासाच्या पिठाच्या पुऱ्यांचे फोटो पडत होते. साबुदाणा, वरी, राजगिरा, सगळं नेमानं झालं. अडचण एकच आली. गोळीत सत्तू. सत्तू म्हणजे चणा, आणि चणा उपासाला चालत नाही.

बाईंनी बाबांच्या हॉलवर फोन केला. तिथल्या सेवकानं सांगितलं, देवीसाठी नऊ दिवस सोडली तर काय बिघडतं, माता सँभाल लेगी. गोळीत खरं काय आहे, हे त्या सेवकालाही माहीत नसावं. गोळ्यांचा डबा देवापुढे ठेवला गेला, झाकण बंद करून.

बाईंचा फोन आला पाचव्या दिवशी दुपारी. आवाजात भीती नव्हती, भारावलेपण होतं. "पद्मजा, रुसवा सोड आणि ये. अश्लेषाच्या अंगात आलंय."

मी टॅक्सीनं गेले. दारात चपलांचा खच. बैठकीत घटासमोर अश्लेषा बसली होती, म्हणजे दोन बायकांनी तिला दोन्हीकडून धरून बसवलं होतं. केस मोकळे, कपाळभर कुंकू, मान डोलत होती, डोळे अर्धे मिटलेले. सोसायटीतल्या बाया एकेक करून पाया पडत होत्या. कुणी मुलाच्या नोकरीचं विचारत होती, कुणी नणंदेच्या घटस्फोटाचं. एकीनं मोबाईलवर जागरणाची गाणी लावली होती. "माता कुछ बोल रही हैं," म्हणत सगळ्या पुढे सरकल्या.

मी गुडघ्यावर बसून कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणत होती, "पाणी."

हात बर्फासारखे गार होते. नाडी बोटाला लागेना. सकाळपासून उलट्या झाल्या होत्या, असं कामवालीनं कोपऱ्यातून सांगितलं. बाया म्हणाल्या, आत देवी शिरताना तसं होतं.

"बाई, बाजूला व्हा. जयदीपला गाडी काढायला सांगा."

"अगं, पण मध्येच उठवलं तर..."

"बाई!" मी शाळेत त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. "ती मरतेय."

रुग्णालयात डॉक्टर इंद्रजितांनी तिच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं, मानेमागे हात फिरवला, दंडावरचे निळे डाग पाहिले. परिचारिकेला इंजेक्शन सांगितलं आणि जयदीपकडे वळले. "कौनसा स्टेरॉईड चल रहा था? और बंद किसने किया?"

"स्टेरॉईड?" जयदीप म्हणाला. "सर, तेच नको म्हणून तर आम्ही तुमच्याकडून..."

वाक्य तिथेच राहिलं. मला वाटतं, ते त्याच्या आयुष्यभर तिथेच राहील.

नंतर मी बाईंना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून सांगितलं, त्यांनी मला शिकवलं होतं तसंच, सोपं करून. आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. स्टेरॉईडसारखाच रस त्या रोज तयार करतात. त्यावर रक्तदाब टिकतो, जीव टिकतो. बाहेरून रोज आयता डबा येऊ लागला की घरातली चूल थंड पडते. मग एक दिवस न सांगता डबा बंद झाला तर? चूल एकदम पेटत नाही. घर उपाशी पडतं. अश्लेषाच्या अंगात कुणी आलं नव्हतं. अंगातलं संपलं होतं.

गोळ्यांचा डबा जयदीपनंच आणून दिला. माझा सहकारी मानस यानं त्या गोळ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तपासल्या. हिमालयाच्या अकरा मुळ्या काही सापडल्या नाहीत. सत्तू होतं, गूळ होता आणि डेक्सामेथासोन होतं: कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं, स्वस्त, जोरदार स्टेरॉईड. पीठ मळताना टाकलेलं, त्यामुळे एका गोळीत नावापुरतं, तर दुसरीत कुठलाही डॉक्टर देणार नाही इतकं. सांधेदुखी दोन दिवसांत पळते ती त्याच्यानं. काठ्यांचा ढीग त्याच्यानं. हात वर गेला तोही त्याच्यानंच. पलटण बॅरकमध्ये परतली नव्हती. तिला गुंगी आली होती. तिला खरोखर आवरणारं दुसरं औषध कधी मिळालंच नाही, आणि गुंगीतसुद्धा ती भिंती पाडतच राहिली.

अश्लेषा वाचली. मांड्या आणि खांद्यांचं स्कॅन डॉक्टरांनी आम्हाला दाखवलं. स्नायू काळसर दिसायला हवेत तिथे पांढरं पांढरं पसरलं होतं. ती चरबी होती. सुजलेला स्नायू औषधानं निवतो. चरबी झालेला स्नायू परत स्नायू होत नाही. आता औषधं सुरू आहेत, योग्य ती, मोजून. जे उरलंय ते टिकवण्यासाठी.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी त्या हॉलमध्ये गेले. मनात होतं, सत्य सांगितलं की लोक उसळतील. प्रश्नोत्तरांच्या वेळी माईक मागितला आणि सगळं सांगितलं: गोळीत काय आहे, किती आहे, काय होऊ शकतं, काय झालं. बाबांनी शाल नीट केली आणि हसले.

"सुना? इतनी बड़ी साइंटिस्ट मशीन लगाकर आई हैं, और ख़ुद कह रही हैं कि गोली में ताक़त है!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे त्यांनी सांगितलं की त्या मुलीनं गोळी मध्येच सोडली, श्रद्धेत खंड पडला, पलटण भडकली. औषध बंद केल्यानं ती पडली हे खरंच होतं. त्यांनी फक्त त्याचं माप श्रद्धेच्या तागडीत टाकलं.

बाहेर पार्किंगमध्ये एक वयस्कर बाई माझ्यामागून आल्या. निवृत्त पोस्टमास्तरीण होत्या. हात जोडून हळू आवाजात म्हणाल्या, "बेटी, हम समझ गए कि अंग्रेज़ी दवा है। पर बड़े अस्पताल में नंबर अगली गर्मी का मिला है। तब तक बंद मत करवाना।"

मी त्यांना एवढंच बजावलं की एकदम सोडू नका, जवळच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवा आणि काय घेताय ते खरं सांगा. त्यांनी मान डोलावली आणि आत परत गेल्या. अंधार फसवतो असं आम्ही लोक म्हणतो. इथे दिवा लावला होता, सगळ्यांना स्वच्छ दिसलंही होतं, तरी रांग तशीच होती.

तक्रार केली. चौकशी झाली म्हणे. बाबांचा हॉल बदलला; आता नोएडाच्या बाजूला भरतो. सोसायटीच्या ग्रुपवर पत्ता आला, खाली जोडलेल्या हातांची चित्रं.

शाळेनं जागा भरली. मुख्याध्यापिका स्वतः घरी येऊन सांगून गेल्या, फार रडल्या. अश्लेषाची बोटं अजून छान चालतात. या रोगात बोटं बहुधा शाबूत राहतात. पण हात मांडीवरून उचलले जात नाहीत. जुने विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा ती मांडीतल्या मांडीत बोलते, आणि पोरं जमिनीवर बसून मान वाकवून वाकवून तिचं ऐकतात. पावसाची गोष्ट ती आता सांगत नाही.

बाईंनी मला एकदाच विचारलं. तिचे केस विंचरून झाले होते, फणीतली गुंतवळ काढता काढता खालच्या मानेनं म्हणाल्या, "डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच दिलं असतं तर?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण समोर बाई होत्या.

"तर बहुतेक हात वर गेला असता, बाई. आणि वर राहिला असता."

त्यांनी मान हलवली. वर्गात बरोबर उत्तर मिळाल्यावर हलवायच्या, तशीच. मग म्हणाल्या, "हे सांग सगळ्यांना. माझं नाव घालून सांग."

म्हणून सांगते आहे. गुण आला म्हणजे चमत्कार झाला, असं नसतं. गुण कशानं आला, हे विचारायचं असतं. औषध देणारा औषधाचं नाव सांगत नसेल, तर ते तोंडात घालू नका, मग तो प्रसाद म्हणो, बुटी म्हणो की आशीर्वाद. कुणाचा चेहरा अचानक गोल भरला तर दृष्ट काढू नका, रक्तदाब काढा. असलं काही चालू असेल तर भीतीनं एकदम थांबवूही नका. डॉक्टरला खरं सांगा, तो हळूहळू उतरवेल. आणि एखादं खरं औषध भीतीदायक वाटलं, तर ती भीती डॉक्टरसमोर बोला, तिला घेऊन पळू नका. पळालेल्यांना तेच औषध दुसऱ्या दाराशी भेटतं, बिनमापाचं, बिननावाचं.

तुमच्या घरी हे वेळेवर पोचलं तर बरं. अश्लेषाच्या खांद्यांना आता याचा काही उपयोग नाही.